‘बंगाल’ने एकटीने जपानी क्रूझर बुडवली?

नौदल दिनाच्या आसपास एक मजकूर हमखास फिरतो: ‘१९४२ मध्ये बंगाल या चिमुकल्या भारतीय कॉर्व्हेटने (राखणीसाठीच्या छोट्या युद्धनौकेने) दोन जपानी क्रूझरांशी एकटीने झुंज दिली, एक बुडवली आणि आपल्या टँकरला वाचवलं.’ ११ नोव्हेंबर १९४२ ची ती लढाई खरीच झाली. बाकीच्या गोष्टी एकेक करून पाहू.

‘क्रूझर’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर चिलखती युद्धनौका येते. पण या लढाईतल्या दोन ‘क्रूझर’, होकोकू मारू आणि आयकोकू मारू, ही मुळात दहा हजार टनांवरची प्रवासी-मालवाहू जहाजं. जपान्यांनी त्यांच्यावर १४ सेंटिमीटरच्या तोफा आणि टॉर्पेडोच्या नळ्या चढवल्या होत्या. मारा जबरदस्त, पण अंगावर चिलखत नाही. बंगालकडे काय होतं? एक १२ पौंडी, म्हणजे साधारण तीन इंची तोफ. म्हणजे सामना विषमच होता, तो फुगवून सांगायची गरजच नाही.

‘एकटीने’ हा शब्द मात्र सरळ चुकीचा आहे. बंगाल ज्या डच टँकरची राखण करत होती, त्या ओंडिनावरही एक चार इंची तोफ होती आणि ती गोळे संपेपर्यंत चालली. होकोकू मारूला आग लागली, मग स्फोट होऊन ती बुडाली. तो घातक गोळा कुणाचा, यावर दोन्हीकडून दावे आहेत. तोफांचा आकार बघता मला ओंडिनाचं पारडं जड वाटतं.

आता ‘टँकर वाचवलं’. बंगालचे कप्तान विल्सन यांनी ओंडिनाला पळून जायला सांगितलं आणि बंगालचं नाक शत्रूकडे वळवलं. धाडस म्हणायचं तर हे, आणि मजकुरात नेमका त्याचाच पत्ता नसतो! पुढे दारूगोळा संपत आल्यावर बंगाल धुराचा पडदा टाकून निघून गेली. त्यात भ्याडपणा काही नव्हता, रिकामी तोफ घेऊन थांबणार कशाला? पण त्यानंतर आयकोकूने ओंडिनाला टॉर्पेडो मारले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशिनगन चालवली आणि जहाज बुडणार असं समजून ती निघून गेली. वाचलेले खलाशी परत जहाजावर चढले, आग विझवली, इंजिन सुरू केलं. बंगाल हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला पोचली ती ओंडिना गेली असं धरूनच. ओंडिना मात्र १८ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागली.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यात ओंडिनाचं नाव घाला, आणि त्या लढाईत मारले गेलेले तिचे कप्तान विलेम हॉर्समन यांचंही.