चार्जिंग किती टक्के?

परवा मोबाईलवर मेसेज आला : ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. कारण : डिव्हाइस चार्ज नव्हते.’

माझं डिव्हाइस म्हणजे टेबलाखाली उभा असलेला, उचलताना कमरेत कळ आणणारा डेस्कटॉप. त्याला भिंतीतून वीज येते. तो चार्ज होत नाही, आजवर कधी झालेला नाही आणि पुढेही होण्याची लक्षणं नाहीत. पण सरकारदरबारी मेलेला माणूस समोर उभा राहिला तरी जिवंत होत नाही, तसं कुणाच्या तरी नोंदवहीत माझं यंत्र आता कायमचं ‘चार्ज नसलेलं’ झालं आहे.

मूळ भानगड थोडक्यात सांगतो. डेस्कटॉप तीन आठवडे बंद होता, तोही भिंतीवरचं बटण बंद करून. सुरू केला तर घड्याळात १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवरची, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरची, नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ब्राउझरने प्रत्येक साइटवर लाल पाटी लावली, कारण साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र आजचं आणि माझं यंत्र दहा-अकरा वर्षं मागे. त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. इथवर सगळं पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्यात एका विकतच्या सॉफ्टवेअरने घड्याळ मागे गेलेलं पाहिलं आणि मुदत लांबवायला मीच काटे फिरवले असं ठरवून परवान्याला कुलूप घातलं. तारीख नीट केली तरी हे कुलूप निघत नाही. ते त्यांच्या सर्व्हरवरूनच काढावं लागतं. म्हणून फोन.

“सर, सर्वात आधी लॅपटॉपचं चार्जिंग किती टक्के आहे ते सांगाल का?”

“लॅपटॉप नाहीये. डेस्कटॉप आहे.”

“ओके सर. डेस्कटॉपचं चार्जिंग किती टक्के आहे?”

“डेस्कटॉपला चार्जिंग नसतं.”

“म्हणजे शून्य टक्के ना सर?”

पलीकडे टपटप टाइप झाल्याचा आवाज आला. घात इथेच झाला, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

“सर, स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र दिसतंय?”

“नाही. तिथे स्पीकरचं चित्र आहे.”

“ठीक आहे सर, मग त्याच्यावर क्लिक करा.”

केलं. आवाज कमी-जास्त करायची पट्टी आली. ती मी इमानदारीने वर-खाली करून पाहिली.

“आता सर, एकदा झाकण बंद करून परत उघडा.”

“झाकण उघडंच आहे. दोन स्क्रू काढून बाजूला ठेवलंय.”

“सर, स्क्रू तुम्ही काढले? वॉरंटी जाईल सर.”

“याची वॉरंटी कधीच गेली. आणि हा उघडण्यासाठीच बनवलेला असतो.”

“ओके सर. बॅटरी काढून परत बसवता येईल का?”

आता खरं बोलण्याची मला वाईट खोड. “बॅटरी बदललीच आहे. जुनी गेली होती.”

“बॅटरी गेली होती?” पोराच्या आवाजात पहिल्यांदाच जान आली. “सर, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं.”

“अहो, ती बॅटरी वेगळी. ती फक्त घड्याळासाठी असते.”

“ओरिजिनल टाकली का लोकल?”

“सीआर २०३२.”

“बॅकअप किती देते सर?”

“चार-पाच वर्षं.”

बराच वेळ शांतता. “सर, लाइनवर राहा.” मग ते टिणटिण संगीत. मग पुन्हा तो.

“सर, मी सीनियरशी बोललो. असा लॅपटॉप सध्या मार्केटमध्ये नाहीये.”

मी हात टेकले, पण फोन ठेवला नाही. मॉडेल विचारलं, मी ‘असेंबल्ड’ म्हणालो. त्याच्याकडच्या यादीत लॅपटॉप, टॅबलेट, मोबाईल आणि ‘इतर’ एवढंच होतं, आणि ‘इतर’ निवडलं की फॉर्म पुढे सरकत नव्हता. सीरियल नंबर यंत्राच्या पोटाखाली असतो म्हणाला. माझ्या यंत्राच्या पोटाखाली धूळ आहे. सीरियल नंबर सहा-सात आहेत, प्रत्येक भागाचा आपापला.

शेवटी मी विचारलं, “तुमच्यासमोर आत्ता काय आहे?”

“इथे पीसी आहे सर.”

“तोच! तोच माझ्याकडे आहे!”

“पण सर, तो तर कंपनीचा आहे.”

त्या पोरावर माझा राग नाही. म्हणजे थोडा आहे. पण प्रश्नांची ती यादी त्याने लिहिलेली नाही. ज्याने लिहिली त्याच्या जगात डेस्कटॉप उरलेलाच नाही, आणि ती यादी तो एका डेस्कटॉपवरूनच वाचून दाखवतो आहे.

त्या बॅटरीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण धडधाकट डेस्कटॉप ‘खराब झाला’ म्हणून अडगळीत जातात त्यातले कितीतरी तिच्यापायी जातात. २०३२ या आकड्यातच तिचं माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. व्होल्टेज ३. डेस्कटॉपचा प्लग लावलेला आणि बटण चालू असेल, तर यंत्र बंद असतानाही पॉवर सप्लाय एक बारीक धार सोडत राहतो आणि घड्याळ त्याच्यावर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार या नाण्यावर. म्हणजे शिस्तीने रोज बटण बंद करणाऱ्याची बॅटरी आधी संपते. शिस्तीचा असा सूड क्वचितच कोणी घेत असेल.

बदलायची तर प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. बॅटरी बऱ्याचदा पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेली असते, त्यामुळे आधी कार्ड काढावं लागतं. कार्डाच्या स्लॉटला टोकाशी एक छोटा खटका असतो. तो न दाबता कार्ड ओढलं की खटका तुटतो आणि तोंडून जे निघतं ते छापता येत नाही. बॅटरीच्या कडेची पत्र्याची जीभ नखाने बाहेर ढकलली की नाणं टुणकन उडतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. तो घसरला तर बोर्डावरच्या केसाएवढ्या रेषा कापतो. नवं नाणं घालताना अक्षरांची बाजू वर. आणि कोणी ‘हीच चालते’ म्हणून सीआर २०२५ हातावर ठेवली तर परत करा. ती २.५ मिलिमीटर जाड, खोबणीत सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला की घड्याळ पुन्हा मागे. २०२५ ही बॅटरी आणि २०२५ हे साल, दोन्ही डेस्कटॉपला लाभली नाहीत. सालाचं पुढे सांगतो.

बॅटरी बदलली म्हणजे संपलं असंही नाही. पुष्कळ बोर्डांवर तिच्याबरोबर बायॉसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधली, सेटिंग पुसली जातात. डिस्क कशी वाचायची त्याचा मोड ‘रेड’वर होता तो ‘एएचसीआय’वर गेला की विंडोज निळा पडदा दाखवून ‘बूट डिव्हाइस’ सापडत नाही म्हणतं, आणि माणूस चांगली डिस्क फेकून देतो. रॅमला पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपी प्रोफाइल उडतं, यंत्र मंदावतं, आणि माणूस म्हणतो, ‘वय झालं त्याचं.’ टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) बंद होतं, आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर ते ४८ आकडी किल्ली मागतं. ४८! ती किल्ली ज्या फाइलमध्ये जपून ठेवलेली असते ती फाइल त्याच डिस्कवर असते. म्हणून यंत्र ठणठणीत असताना बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवावा. हे कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

मुळात डेस्कटॉपकडे कोणी बघतच नाही. तो टेबलाखाली, पायांच्या राज्यात राहतो. त्याच्यावर फायलींचा गठ्ठा, मागची जाळी भिंतीला टेकलेली, पुढच्या जाळीवर धुळीची गोधडी. मग पंखा विमानासारखा ओरडायला लागला की तक्रार. धूळ काढणं म्हणजे मऊ ब्रश आणि हवेचा फवारा, बस. फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग घालवून बसतो. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वर्षानुवर्षांनी सुकून खडूसारखी होते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी घालायची. पण कूलर सरळ वर ओढू नका. आधी यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा, कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवा आणि तेव्हा उचला. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेत, तर सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून सोबत आणते. त्या प्रोसेसरला १,३३१ पिना असतात, आणि त्यातली नेमकी एक वाकते.

त्यातून या पेटीला अख्खं जग ‘सीपीयू’ म्हणतं. सीपीयू हा आतला पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. देवळाला देव म्हणण्यातलाच प्रकार. ‘सीपीयूवर फुलदाणी ठेवलीय’ हे वाक्य मी कानांनी ऐकलं आहे. आणि महागडं ग्राफिक्स कार्ड घालून मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या भोकात खुपसणारे लोक तर माझ्या स्वप्नात येतात. पेटीच्या मागे केबलची दोन ठिकाणं दिसतील. वरचं उभ्या ओळीतलं बोर्डाचं, खालचं आडवं कार्डाचं. खालचं, अहो, खालचं!

तर साल २०२५. लॅपटॉपची जगभरातली विक्री पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेली २००८ मध्ये, तेव्हापासून डेस्कटॉपचं श्राद्ध दरवर्षी कोणीतरी घालतं. मयत मात्र जागची हलत नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ च्या अटी अशा की टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सातव्या पिढीचा आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी, असा घोड्यासारखा पळणारा डेस्कटॉप एका रात्रीत अपात्र. त्यातही गंमत अशी की ‘टीपीएम नाही’ म्हणून नाकारलेल्या कित्येक यंत्रांत टीपीएम असतं, फक्त बायॉसमध्ये बंद असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे साधन माहिती न पुसता ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलून देतं; तरी आधी बॅकअप घ्याच. प्रोसेसरच जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घाला, यंत्र आणखी पाच वर्षं मुकाट चालेल. हे सांगितलं की लोक ‘बघू’ म्हणतात आणि यंत्र भंगारात देतात.

नव्याची कथा आणखी निराळी. १९९५ साली इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचा एटीएक्स हा नमुना आणला. मदरबोर्डाच्या स्क्रूंची भोकं तेव्हा जिथे ठरली, तिथेच आजही आहेत. कुठल्या दुसऱ्या यंत्राने एवढा शब्द पाळलाय? पण ऑफिसांना विकल्या जाणाऱ्या तयार डेस्कटॉपची झाकणं उघडून पाहा : पुष्कळांत पॉवर सप्लायला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतोच, कंपनीचा स्वतःचाच काहीतरी असतो. सप्लाय गेला की बाजारातला दुसरा बसत नाही. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवण्यासाठी नावाजलेल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये पहिला डेस्कटॉप आणला, तर त्याची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. कारण खोटं नाही : त्यातल्या प्रोसेसर चिपला लागणारा वेग काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांवर मिळेना. पण ज्या घरात पाहुण्याला हातपाय पसरायची मुभा होती, तिथेही आता जेवढं दिलंय तेवढ्यातच बसा. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा रॅमचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मेमरीला एआयच्या डेटा सेंटरांत जास्त मागणी आहे. म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या घेऊन यंत्राला नवा जन्म देणारे आम्ही रांगेत शेवटी.

गेमवाले आहेत म्हणून अजून कॅबिनेट मिळतात, हेही खरं. पण साधं, न चमकणारं, काच नसलेलं, बंदिस्त काळं कॅबिनेट शोधून पाहा. पंख्यांत दिवे, रॅमवर दिवे, आता पॉवर सप्लायच्या केबललाही दिवे. घड्याळाची बॅटरी मात्र अजून कार्डाखालीच.

परवान्याचं कुलूप अजून तसंच आहे. तक्रार ‘सोडवली’ गेल्यामुळे तीच पुन्हा उघडता येत नाही, नवीन नोंदवावी लागेल. उद्या सकाळी फोन करणार आहे. या वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवलं आहे : शंभर टक्के.