शंकेची पाल

मी पालीला भिते. हे एवढं एक वाक्य कुणीतरी माझ्या फोनला समजावून सांगायला हवं.

झालं असं की ओट्यामागच्या टाइल्सवर एक पाल येऊन बसली. आईचा उपाय ठरलेला, मोरपीस. मोरपीस लावलं, तर पाल त्याच्याच आडोशाला राहायला गेली. शेवटी फोनवर 'पाल घराबाहेर कशी घालवावी' असा दोन मिनिटांचा व्हिडिओ लावला आणि कणिक मळायला घेतली. तो संपला तसा पुढचा आपोआप सुरू झाला, मग त्याच्या पुढचा. कणकेच्या हातांनी बंद कोण करणार? पोळ्या होईपर्यंत माझी आवड ठरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं आणि समोर पालीच पाली. पापण्या नसलेल्या, थेट माझ्याकडे बघणाऱ्या. पाल भिंतीला चिकटते ती पंजाखालच्या असंख्य सूक्ष्म केसांमुळे, हे मला आता माहीत आहे. नसतं तरी चाललं असतं. मग सुमारे तीन मीटर लांबीचा कोमोडो ड्रॅगन आला. त्याच्यामागून पल्लीपतन, म्हणजे अंगावर कुठे पाल पडली तर काय फळ.

गंमत अशी की पालीचं चित्र दिसलं की मी गोठते. बोट हलत नाही. आणि त्या यंत्राला कळतं ते एवढंच, की बाई इथे थांबली. भीतीने थांबली की प्रेमाने, याचं त्याला सोयरसुतक नाही. मी जितकी घाबरते तितकी पालींची आवक वाढते. 'यात रस नाही' असं कळवायची सोय आहे, पण त्यासाठी पालीच्या चित्राखालचे तीन ठिपके दाबावे लागतात. डोळे मिटून दाबले, तर बोट पालीवरच पडलं. बाई पालीवर पडल्यास काय फळ, हे पंचांगात दिलेलं नाही.

कुणाला कोणता सिनेमा आवडेल याच्या शिफारशी 10 टक्के अधिक अचूक करून दाखवणाऱ्याला नेटफ्लिक्सने 2006 साली 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. 2009मध्ये एका चमूने ते जिंकलंही. आमच्या वाण्याला मात्र हे उपजतच कळतं. उंदराचं औषध मागितलं तर तो 'नवीन उंदीरही आलेत, दाखवू का?' असं विचारत नाही.

टीव्हीवरही माझंच खातं आहे. काल आई कीर्तन लावायला बसली आणि ओरडली, "अगं, इथेही तुझी पाल आलीय!"

"रिमोटने पुढे ढकल," मी आतूनच सांगितलं.

"केव्हाची ढकलतेय. जातच नाही."

बाहेर येऊन पाहिलं. टीव्ही बंद होता.