पपई बंद, सिगारेट चालू

आमच्या इंदुरात मराठी घरातल्या सुनेला दिवस गेले की पहिली बंदी येते ती पपईवर. मग अननस, मग ग्रहण, मग स्कूटर, मग छप्पन दुकानवरचं चटकमटक. तिच्या एकेका घासावर चार जणींचे डोळे. (पिकलेल्या पपईनं काही होत नाही, हे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. ऐकतंय कोण!) आणि त्याच घरात नवरा जेवण झालं की गॅलरीत जाऊन सिगारेट पेटवतो, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

गेल्या थंडीत सुदामानगरला नात्यातल्या एका मुलीच्या डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. गरमागरम गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) बशा फिरत होत्या. पुरुषमंडळी गॅलरीत. सरकतं दार लावलेलं, पण चार बोटं फट ठेवून, आणि त्या फटीतून धूर थेट झोपाळ्याकडे. पोरीनं दोनदा नाकाला पदर लावला. मी उठून दार ओढलं तर जावईबापू म्हणतात, "मावशी, मी घरात कुठं ओढतोय? बाहेरच तर आहे!" दोन मिनिटांनी शर्टाला तोच भपकारा घेऊन फोटोसाठी तिच्या शेजारी येऊन बसले.

सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे आईच्या रक्तात ऑक्सिजनची जागा तो अडवून बसतो आणि वारेतून (म्हणजे प्लॅसेंटातून) बाळाकडे जायचा ऑक्सिजन कमी पडतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, शिवाय वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. आई स्वतः ओढत असेल तर बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला २०० ग्रॅम म्हणजे काय, ते काचेच्या पेटीबाहेर रात्र काढलेल्या आजीला विचारा. वेळेआधी प्रसूती, वार आधीच सुटणं, दुभंगलेला ओठ, जन्मानंतर बाळाचा झोपेत अचानक मृत्यू, या सगळ्यांचा धोका वाढतो. दुसऱ्याचा धूर नाकात गेला तर मार कमी बसतो, पण बसतोच: वजन घटतं आणि मूल पोटातच दगावण्याची शक्यताही वाढते.

आपल्याकडे खरा प्रश्न या दुसऱ्याच्या धुराचाच आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायका २ टक्के निघाल्या. पण घरात धूर सोसणारी प्रौढ माणसं ३८.७ टक्के. म्हणजे जिला आपण सल्ले देतो तिनं बहुधा कधी काडीसुद्धा पेटवलेली नसते. सार्वजनिक जागी ओढलं तर २०० रुपये दंड आहे, पण घरच्या गॅलरीत चलान फाडायला कोण येणार? तिथं सासूबाईंनीच बोलायला हवं. त्या पपईवर बोलतात, इथं गप्प. मुलगा ना!

मग ठरलेलं उत्तर येतं: "आमचे बाबा जन्मभर विडी ओढायचे, आम्ही पाचही भावंडं धडधाकट!" अहो, जे वाचले तेच हे सांगायला उरलेत. त्या काळी घरटी एखाद-दुसरं मूल जायचं आणि 'आयुष्य नव्हतं' म्हणून विषय मिटायचा. कशानं गेलं, हे कोणी विचारलं होतं?

आता जरा बायकांकडेही वळते. त्याच सर्वेक्षणात बिनधुराची तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायका १२.८ टक्के आहेत. मशेरी, गुल, पानातली तंबाखू. "दातांसाठी लावते, तंबाखू कुठं खाते?" असं म्हणणाऱ्या आमच्या नात्यातही आहेत. मुंबईतल्या हजाराहून जास्त गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता. त्यात अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि वेळेआधी जन्मलेलीही जास्त निघाली. मध्य प्रदेशात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण गुमटीवर पान मसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या मिळतात. हातावर एकत्र केल्या की झालं काम.

आणि एखादी सून खरंच सिगारेट ओढत असेल तर? तिच्यावर तुटून पडू नका. चारचौघांत लाज काढली की ती सोडत नाही, लपवते, आणि मग डॉक्टरांनाही खरं सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुटली तर बाळाचं वजन न ओढणाऱ्या आईच्या बाळाच्या जवळपास भरू शकतं. नंतर सुटली तरी फायदा असतोच. निकोटिनचं च्युइंगम वगैरे मात्र मनानं सुरू करू नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फुकट आहे, हिंदीत बोलतात, आपल्याला काय अडचण! आणि जावईबापू, हा नंबर फक्त बायकांसाठी आहे असं कुठंही लिहिलेलं नाही.