भिंतीचा चुना

लहानपणी मी माजघराच्या भिंतीचा चुना नखाने खरवडून खात असे आणि त्यापायी आईचा मारही खात असे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे निदान झाले आणि औषधाच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट’ हे शब्द दिसले, तेव्हा भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सुकतो तो नेमका हाच पदार्थ होऊन, हे शाळेतले रसायनशास्त्र आठवले आणि तो सगळा मार फुकट खाल्ल्याचे वाईट वाटले.

गोळी खारकेच्या बीएवढी असली तरी घशाखाली उतरते. खरा छळ वेळापत्रकाचा आहे. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्यानंतर निदान चार तास कॅल्शियमचे नाव काढायचे नाही. कॅल्शियमला पोटातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे. लोहाच्या गोळीला मात्र त्याची सावलीही चालत नाही. रुसलेल्या विहिणींसारख्या या तिघी एका पंगतीला बसत नाहीत आणि त्यांची मनधरणी करण्यात माझा दिवस मावळतो.

आहारातूनच भागवावे, तर माझ्या वयाच्या बाईला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे आणि पेलाभर दुधात ते जेमतेम अडीचशे भरते. शंभर ग्रॅम तिळांत हजाराच्या वर असते खरे, पण मग आमच्याकडे बारमाही संक्रांत होईल आणि तरीही मी गोड बोलेन याची हमी नाही. महिनाभर नाक दाबून पालकाचा रस प्यायले, तेव्हा कळले की त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला असे धरून ठेवते की शरीराच्या हाती फारसे काही लागत नाही. नाचणी मात्र गुणाची, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास देणारी. फक्त माझ्या हातची तिची भाकरी तव्यावर पडताच नकाशासारखी भेगाळते आणि हे ती मुकाट्याने खातात, एवढेच.

शिवाय हे सारे अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, म्हणून बाह्या सारून गच्चीवर उन्हात बसते, तर शेजारीण विचारते, “वहिनी, पापड राखताय का?”

परवा माहेरी गेले, तेव्हा सवयीने माजघराच्या त्याच कोपऱ्यात नख लावून पाहिले. दादा मागून कौतुकाने म्हणाला, “ऑइलपेंट आहे, ताई. दहा वर्षे खरवडलीस तरी निघायचा नाही.”