संन्याशाच्या दारी बस लागते

दहाव्या शतकात इव्हान नावाच्या एका बल्गेरियन माणसाला माणसांचा कंटाळा आला आणि तो रिला पर्वतातल्या एका गुहेत जाऊन राहिला. राजा पहिला पीटर त्याला भेटायला डोंगरापर्यंत आला, तर म्हणे यानं भेट नाकारली. दोघांनी लांबूनच एकमेकांना नमस्कार केला. राजानं खायचे पदार्थ आणि सोनं पाठवलं. खायचं ठेवून घेतलं, सोनं परत. अशा माणसाकडे आम्ही आगाऊ बुकिंग करून, छातीवर हिरवा स्टिकर चिकटवून, वातानुकूलित बसनं निघालो होतो.

बस बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफियातून सुटते. याच इव्हानच्या नावाचा रिला मठ साधारण १२० किलोमीटरवर, पण सहलीवाल्यांना एकाच ठिकाणी न्यायचं म्हणजे कमीपणा वाटत असावा. वाटेत बोयानाचं छोटंसं चर्च 'करून घेतलं'. त्यातली भित्तिचित्रं १२५९ सालची आहेत. ती जपायची म्हणून आत थोडेच लोक सोडतात, तेही दहा मिनिटांसाठी. नियम रास्तच आहे. पण पहिली तीन मिनिटं डोळे अंधाराला सरावण्यात गेली आणि पुढची चार समोरच्या उंच गृहस्थांच्या टाळूचं दर्शन घेण्यात. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका राणीकडे नीट बघतोय तोवर दार उघडलं.

आमची गाईड मुलगी हसतमुख होती, पण वेळ सांगताना तिच्यात स्टेशनमास्तर संचारायचा. "अकरा सत्तेचाळीसला बसपाशी." पावणेबारा नाही, सत्तेचाळीस. त्या जास्तीच्या दोन मिनिटांचा उपकार आम्ही दिवसभर वागवत होतो.

मठ मात्र दृष्ट लागावा असा. जवळजवळ साडेअकराशे मीटर उंचीवर, चहूबाजूंनी जंगल, आणि आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. १८३३च्या आगीत बराचसा भाग जळाला, तो नंतर पुन्हा बांधला. १४व्या शतकातला दगडी बुरूज तेवढा जुना, तो अंगणात उभा. चर्चच्या आत फोटोला बंदी, बाहेरच्या व्हरांड्यात परवानगी, आणि व्हरांड्यात पापी लोकांना ओढून नेणाऱ्या सैतानांची चित्रं ऐसपैस रंगवलेली. त्यामुळे आमच्या फोनमध्ये स्वर्ग जवळपास नाही, नरक भरपूर.

संग्रहालयात राफाएल नावाच्या भिक्षूनं एका लाकडी तुकड्यातून कोरलेला क्रॉस आहे. बायबलमधले १०४ प्रसंग, सहाशेहून जास्त माणसं, काही तर तांदळाच्या दाण्याएवढी. बारा वर्षं खपून त्यानं तो १८०२मध्ये पुरा केला आणि त्यात त्याची दृष्टी गेली. मी काचेला नाक लावून तिसऱ्या प्रसंगापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, चला, टॉयलेटची लाइन वाढतेय." सहलीच्या दिवशी या वाक्यापुढे कुठलीही कला टिकत नाही.

मठामागे मेकित्सा मिळतात. सैलसर पिठाच्या तळलेल्या गरमागरम चकत्या, वर पिठीसाखर. आता, बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना खालीवर. हे मी वाचून, पाठ करून गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी साखरेचा डबा उचलून भुवया उडवल्या. मी कटाक्षानं मान आडवी हलवली. बाईंना रोज परदेशी लोकांची सवय. त्यांनी डबा खाली ठेवला. मी घाईघाईनं खालीवर हलवली. आता त्या बल्गेरियन झाल्या, डबा आणखी लांब सरकवला. शेवटी बायकोनं पुढे होऊन आपली घरगुती मान डोलावली, जिचा अर्थ लग्नाला इतकी वर्षं होऊन मला कळलेला नाही. बाईंना तो लगेच कळला. साखर दुप्पट मिळाली.

मग इव्हानबाबांची गुहा. बसनं थोडं वर, मग झाडीतून चढण. आत अंधार, आणि वर एका अरुंद भोकातून बाहेर पडायची वाट. समजूत अशी, की पापी माणूस त्यातून जाऊ शकत नाही. बायको सर्रकन वर गेली. तिच्यामागून एक आजी गेल्या. मी खांद्यापर्यंत पुण्यवान निघालो.

"अहो, पोट आत घ्या!" वरून मार्गदर्शन सुरू झालं.

"आतच आहे!"

"मग सॅक काढा पाठीवरची!"

सॅक काढायला हात मोकळे हवेत, आणि हात तर बायकोच्या बाजूला, पुण्यवंतांत जमा. खाली रांग खोळंबली. कुणीतरी माझा बूट धरून मागे ओढत होतं, वरून मनगट ओढलं जात होतं, आणि या सगळ्यात गाईडचा गोड आवाज गुहेत घुमला: "ज्यांना जमत नाहीये त्यांनी आल्या वाटेनं बाहेर या. बस दोन त्रेचाळीसला सुटेल, पुण्यवंतांसाठीसुद्धा थांबणार नाही."