प्रयोगच करायचाय ना, मग वहीत लिहून करा

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. जुळे सोलापुरात राहते, अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि काही वर्षं आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) चक्रातून फिरलेली बाई आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्यामुळे खालचं वाचून कुणी आपल्या गोळ्या-इंजेक्शनं परस्पर बंद करू नका, ट्रान्सफर (भ्रूण पिशवीत सोडणं) झालेलं असेल तर प्रोजेस्टेरॉनला, म्हणजे गर्भ टिकवायच्या औषधाला, तर हातच लावू नका. माझं भांडण आहे ते वारंवार फेल गेल्यावर पुराव्याशिवाय गळ्यात मारल्या जाणाऱ्या जादा उपायांशी, ज्यांना ॲड-ऑन म्हणतात.

माझ्या मामेबहिणीने मध्यंतरी व्हॉट्सअपवर एका कागदाचा फोटो पाठवला. तिचे एम्ब्रिओ (भ्रूण) चांगल्या ग्रेडचे, पाचव्या दिवसाचे, पिशवीचं अस्तर व्यवस्थित, थायरॉइड नॉर्मल, आणि तरी दर वेळी बीटा (गरोदरपणाची रक्तचाचणी) निगेटिव्ह. ती जाते त्या सेंटरने (नाव नाही लिहिणार) पुढच्या ट्रान्सफरच्या आधी काय काय करायचं त्याची यादी हाताने लिहून दिलेली. इंट्रालिपिड (तेलाचं सलाइन), स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी पोटातली हेपरिनची इंजेक्शनं, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क), ईआरए टेस्ट (ट्रान्सफरची वेळ ठरवणारी) आणि अस्तराचं स्क्रॅचिंग, म्हणजे खरवडणं. प्रत्येकापुढे रक्कम, खाली टोटल. आणि बहिणीची एक ओळ, "ताई, ह्यातलं काय काय करू गं?"

अगं मी काय सांगणार, मेन्यू कार्ड आहे का ते! पण तेच तर डोक्यात गेलं ना, की पेशंटला असं विचारावं लागतं. म्हणून बसले आणि एकेक शोधत गेले. हे सगळं गुपित वगैरे काही नाही, मोठमोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय, सारांश कुणालाही फुकट वाचता येतो.

स्क्रॅचिंगपासून सुरुवात करते कारण त्याची गोष्ट सगळ्यात भारी आहे. 2003 साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास छापला, जेमतेम 134 बायकांचा, की ट्रान्सफरच्या आधीच्या महिन्यात अस्तराला थोडी जखम केली तर गर्भ रुजायचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. झालं, जगभर खरवडणं सुरू. बायका वेदना सोसालेत, पैसे भरालेत, आणि पुढची कित्येक वर्षं कुणी नीट मोठ्या प्रमाणावर तपासलंच नाही. मग न्यूझीलंडच्या लोकांनी पुढाकार घेतला, ब्रिटन, बेल्जियम, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतली मिळून 13 सेंटर्स, 1364 बायका, चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटरने ठरवायचं की हिचं खरवडायचं, हिचं नाही. 2019 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नलमध्ये निकाल आला. खरवडलेल्यांत मूल झालं 26.1 टक्के बायकांना. न खरवडलेल्यांत? 26.1 टक्के. दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा तोच! आता त्यातल्या सगळ्याच बायका वारंवार फेल झालेल्या नव्हत्या हे मान्य, पण आपल्याकडे तरी कुठे निवडून करतात.

ईआरए म्हणजे अस्तराचा तुकडा काढून त्यातल्या 238 जीन्स बघायच्या आणि सांगायचं की तुमची 'खिडकी' अमुक तास आधी किंवा नंतर उघडते, त्याप्रमाणे ट्रान्सफरची वेळ बदलायची. ऐकायला इतकं शास्त्रीय वाटतं की मी पण भारावून गेले असते. 2022 च्या डिसेंबरमध्ये जामा ह्या मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतली ट्रायल आली, 767 बायका. टेस्टप्रमाणे वेळ बदलली त्यांच्यात मूल झालं 58.5 टक्क्यांना, नेहमीच्या वेळेला केलं त्यांच्यात 61.9 टक्क्यांना. (हे आकडे एवढे मोठे कारण तिथे क्रोमोसोम तपासून निवडलेले एम्ब्रिओ होते, आपल्या रिपोर्टशी लगेच तुलना करून रडत बसू नका.)

आणि आता स्टेरॉइड. ही ट्रायल मात्र नेमकी वारंवार फेल झालेल्या बायकांवरच आहे, म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चीनमधली 8 सेंटर्स, 715 बायका, सगळ्या 38 च्या आतल्या, दोन किंवा जास्त वेळा फेल गेलेल्या आणि तरी चांगले एम्ब्रिओ असलेल्या. अर्ध्यांना रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोन, अर्ध्यांना तशीच दिसणारी गोळी ज्यात औषधच नाही. कुणाला काय मिळालंय ते ना बाईला माहीत ना डॉक्टरला. तर 2023 मध्ये निकाल आला. स्टेरॉइडवाल्यांत मूल झालं 37.8 टक्क्यांना, नुसत्या गोळीवाल्यांत 38.8 टक्क्यांना. फायदा शून्य. वर स्टेरॉइडवाल्यांत बीटा पॉझिटिव्ह येऊन लगेच गळून जाण्याचं प्रमाण 17.2 टक्के विरुद्ध 9.9, आणि वेळेआधी बाळंतपण 11.8 विरुद्ध 5.5. म्हणजे जी गोळी "देऊन तर बघू, तोटा काय आहे" म्हणून दिली जाते, तिचा तोटा लिहून ठेवलेला आहे.

आता ह्यातला 38.8 हा आकडा परत एकदा बघा. औषध नसलेली गोळी घेतली, आधी दोनदा-तीनदा फेल गेलेल्या, आणि तरी शंभरातल्या अडतीस-एकोणचाळीस जणींना मूल झालं. माझं सगळं म्हणणं ह्या एका आकड्यावर उभं आहे.

गणिताची बाई आहे, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय सोडणार नाही. लुडोचा फासा घ्या आणि समजा 5 किंवा 6 पडला तर जिंकलात, म्हणजे दर वेळी तीनात एक चान्स. तीन वेळा टाकून एकदाही न जिंकण्याची शक्यता किती? दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे 27 पैकी 8, जवळपास 30 टक्के. फाशात काही खोट नाही, टाकणाऱ्याच्या हातातही खोट नाही, तरी शंभरातल्या तीस लोकांचे तिन्ही डाव रिकामे जाणार. आता ह्या तीस जणांच्या खिशात आपण एकेक लिंबू ठेवलं आणि चौथ्यांदा टाकायला सांगितलं तर दहा जण जिंकतील. ते दहा जण आयुष्यभर सांगत फिरणार की लिंबामुळे झालं. आणि लिंबू देणारा त्या दहा जणांचे बाळासोबतचे फोटो भिंतीवर लावणार. उरलेले वीस कुठे गेले? ते पुण्याला गेले, हैदराबादला गेले, नाहीतर घरी बसले, त्यांचे फोटो कोण लावणार.

प्रत्यक्षात सगळ्या बायकांचा चान्स सारखा नसतो हे मलाही कळतं. वय वाढलं की बीजातच क्रोमोसोमच्या चुका वाढतात, आणि दिसायला टकाटक ग्रेडचा एम्ब्रिओ आतून तसा नसतो, रुजत नाही त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. 2021 मध्ये अमेरिकेतून चार हजारांहून जास्त बायकांचा एक अभ्यास आला होता, क्रोमोसोम तपासलेले एम्ब्रिओ एकामागून एक तीन वेळा सोडले तर 95 टक्के बायकांत एकदा तरी गर्भ रुजला. असे तीन एम्ब्रिओ मिळणं हेच कितीतरी जणींच्या नशिबात नसतं ते वेगळं. पण ह्याचा अर्थ असा की पिशवीच नकार देते अशा बायका आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कमी आहेत. युरोपातल्या ह्या विषयाच्या डॉक्टरांच्या संघटनेने, एशरेने, 2023 च्या शिफारशींमध्ये म्हणूनच "तीनदा फेल म्हणजे आरआयएफ (वारंवार गर्भ न रुजण्याचा त्रास)" असा सरसकट नियम सोडून दिला. त्या बाईचं वय, एम्ब्रिओ बघून झालेल्या सगळ्या ट्रान्सफरचा मिळून रुजायचा अंदाजे चान्स 60 टक्क्यांच्या वर गेला असेल आणि तरी रुजलं नसेल, तर शोधाशोध सुरू करा असं त्यांचं म्हणणं. आणि इंट्रालिपिड, स्क्रॅचिंग, ईआरए ह्यांना त्याच संघटनेने त्याच वर्षी ॲड-ऑनवर जे लिहिलं त्यात सरळ नको म्हटलंय. इंट्रालिपिड म्हणजे काय माहितेय का, सोयाबीन तेल आणि अंड्यातला स्निग्ध पदार्थ ह्यांचं सलाइन, ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा पेशंटसाठी बनवलेलं.

शोधण्यासारखी खरी कारणं नसतात असं मी म्हणत नाहीये हां. नळीत पाणी भरलेलं असेल तर आयव्हीएफचा चान्स जवळपास अर्ध्यावर येतो, आणि आधी ती नळी काढली किंवा बंद केली तर फायदा होतो, हे ट्रायलमध्ये सिद्ध झालंय. पिशवीत पडदा, पॉलिप, आत शिरलेली गाठ, रक्त गोठण्याचा तो अँटिफॉस्फोलिपिडचा आजार, हे बघायलाच पाहिजे. आणि आपल्याकडे पिशवीचा टीबी, जो परदेशी पुस्तकांत एका ओळीत उरकतात पण इथे नळ्या आणि अस्तर दोन्ही खराब करून ठेवतो. फक्त त्यातही नुसत्या पीसीआर टेस्टवर सहा महिन्यांचं एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू करायच्या आधी विचारा, कारण पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनए पण सापडतो. कल्चर, बायोप्सी, दुर्बिणीतून काय दिसलं, हे सगळं मिळून ठरवायचं असतं.

बरं, डॉक्टरांनाच झोडपायचंय असंही नाही. मी स्वतः वेटिंगमध्ये बसून ऐकलंय, बायका आत जाऊन म्हणतात, "मॅडम, ह्या वेळी काहीतरी वेगळं करा ना." मॅडम म्हणाल्या की तेच परत करू, चान्स अजून चांगला आहे, तर बाहेर येऊन सासूबाई म्हणणार, "ह्यांना काही येत नाही, चल गुलबर्ग्याला." काहीतरी वेगळं करणारा डॉक्टर हुशार वाटतो. आणि आपण पण किती वेगळं करतो, ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावरून उतरायचं नाही, स्कूटी नाही, जिना नाही, आणि निगेटिव्ह आलं की "तू त्या दिवशी बादली उचललीस ना" म्हणून ऐकून घ्यायचं. पडून राहण्याचा काही फायदा नाही हे पण अभ्यासात तपासून झालंय. बादलीने काही होत नाही ओ.

माझा राग कुठे आहे ते आता सांगते. बहिणीला मी म्हटलं की एखाद्या ट्रायलमध्ये भाग घेता येतो का बघ, तर मामी फोनवर ओरडल्या, "आमच्या पोरीवर प्रयोग नको!" आणि हातात ती यादी. अहो मामी, ती यादी काय आहे मग? तो प्रयोगच आहे, फक्त बिल तुमच्या नावाने आहे आणि निकाल कुणी लिहून ठेवत नाही.

रीतसर ट्रायलमध्ये काय असतं बघा. एथिक्स कमिटीची परवानगी लागते. तुमच्या भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात "हे काम करतं की नाही आम्हाला माहीत नाही" असं लिहिलेलं असतं, जे वाक्य मला कुठल्याही केबिनमध्ये ऐकायला मिळालं नाही. कधीही बाहेर पडता येतं. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या नियमावलीप्रमाणे संशोधनासाठीचा जादा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही. औषधाच्या ट्रायलमध्ये इजा झाली तर 2019 च्या नियमांप्रमाणे उपचार फुकट आणि भरपाई. आणि 2009 च्या जूनपासून आपल्या देशात औषधाची ट्रायल सुरू करायच्या आधी सीटीआरआय ह्या सरकारी यादीत नोंदवावी लागते, ती यादी मोबाइलवर कुणालाही उघडून बघता येते, म्हणजे निकाल मनासारखा आला नाही म्हणून ट्रायल झालीच नव्हती असं म्हणायची सोय नाही. ॲड-ऑनच्या यादीत ह्यातलं एक तरी आहे का? तरी आपल्याला ट्रायलची भीती वाटते आणि पॅकेजची वाटत नाही.

आणि हे सोलापुरात होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नका. उस्मानाबाद, लातूर, विजापूर, गुलबर्गा, सगळीकडचे पेशंट इथे येतात. एका सेंटरला जमणार नाही हे खरंय, एक-दोन टक्क्यांचा फरक पकडायचा तर हजारो बायका लागतात आणि दहा टक्क्यांचा पकडायचा तरी कित्येक शेकडा. पण चार-पाच सेंटर्स, आपलं मेडिकल कॉलेज, शेजारची दोन-तीन शहरं मिळून एका प्रश्नावर काम करू शकतात. पिशवीच्या टीबीचा प्रश्न न्यूझीलंडवाले येऊन सोडवणार नाहीत, त्यांच्याकडे तेवढे पेशंटच नाहीत. तो आपणच सोडवायचा. इथल्या डॉक्टर मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर सिरियसली सांगते, नोंदी ठेवायला, आकडेमोड करायला गणितवाले लागतील, माझ्यासारखे बरेच जण सुट्टीत फुकट येतील.

तोपर्यंत बहिणीला मी एवढंच लिहून दिलं. यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी मॅडमना विचार, हे न करता नुसतं परत ट्रान्सफर केलं तर माझ्या वयाला आणि ह्या एम्ब्रिओला चान्स किती, आणि हे केल्यावर किती, आणि तो आकडा कुठून आला. तिने विचारलं. स्क्रॅचिंग आणि इंट्रालिपिड मॅडमनी स्वतःच काढून टाकलं, "पेशंट मागतात म्हणून लिहितो" म्हणाल्या. दुर्बीण करायची ठरलीये कारण सोनोग्राफीत काहीतरी दिसतंय. स्टेरॉइडवर अजून घासाघीस चालू आहे.

कमेंटमध्ये सेंटरचं नाव विचारू नका, चांगलं कुठलं वाईट कुठलं मी सांगणार नाही. रिपोर्टचे फोटो पण इनबॉक्सला पाठवू नका, मला ते वाचता येत नाहीत. ट्रायलचे आकडे समजून घ्यायचे असतील तर रात्री नऊनंतर बिनधास्त मेसेज करा, तेवढं येतं मला.