मॅडम, एवढं कोण वाचतं?

आज सकाळी गाण्याच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पालक ताईंचा मेसेज, "मॅडम, भूप आणि देसकार रागांमधला फरक शॉर्टमध्ये पाठवा ना, परवा पेपर आहे." मी कुकर लावत होते. पहिली शिट्टी व्हायच्या आत कुणीतरी पीडीएफ टाकली पण. अर्धं पान. स्वर तेच, भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, देसकाराचा ध, एक रात्रीचा एक सकाळचा, संपलं. खाली बारा अंगठे. मी लिहिलं, अहो यात चलन, म्हणजे रागाची चाल, कुठंय, मुख्य गोष्टच राहिली, माझ्याकडे जुनी मासिकं आहेत त्यातलं काढून देते. तर उत्तर आलं, "मॅडम, एवढं कोण वाचतं? चार मार्कांचा प्रश्न आहे." वर हसणारा इमोजी.

बरं.

आमचे सर साखर कारखान्यात क्लार्क होते. संध्याकाळी देवळामागच्या खोलीत क्लास. त्यांच्याकडे दोन मासिकं पोस्टानं यायची, गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' आणि हाथरसचं हिंदी 'संगीत'. अंक आला की सर स्टीलची पट्टी घालून रॅपर सरळ कापायचे, कधी फाडायचे नाहीत, कारण रॅपरच्या कोऱ्या बाजूवर आमचा पुढचा धडा लिहायचा असायचा. एकदा असाच एक अंक वाचून आले, पेटीवरचा हात काढला आणि आम्हा सात-आठ पोरांना म्हणाले, "देसकार चुकीचा शिकवला मी तुम्हाला. रिषभावर थांबवत होतो, तो भूप झाला. आज परत पहिल्यापासून."

परीक्षा पंधरा दिवसांवर होती हो! आम्ही मनातल्या मनात त्या मासिकाला शिव्या घातल्या.

आता वाटतं, पन्नाशीला आलेला माणूस तेरा वर्षांच्या पोरांपुढं "माझं चुकलं" म्हणाला ते त्या एका अंकामुळं. तालुक्याच्या गावात त्यांना चूक दाखवणारं दुसरं होतं कोण? गुरू केव्हाच गेलेले, मैफल ऐकायची तर रजा टाकून सांगली-मिरज गाठायचं.

आणि ही मासिकं कुठून आली याची तरी जाण ठेवा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ ला लाहोरला विद्यालय काढलं आणि पुढं 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिकही चालवलं. ज्या काळात खाँसाहेब लोक शिष्यालासुद्धा अंतरा द्यायला वर्षं लावायचे त्या काळात हा माणूस गाणं छापून पोस्टानं पाठवायला निघाला. मग १९३५ ला काका हाथरसींनी 'संगीत' काढलं, हो तेच हास्यकवी. स्वातंत्र्याच्या सुमारास 'संगीत कला विहार' आलं आणि देवधर मास्तरांनी कितीतरी वर्षं ते सांभाळलं. कुमार गंधर्वांना शिकवणारा माणूस महिन्याच्या महिन्याला बसून कुणासाठी लिहीत होता? आमच्या सरांसारख्यांसाठी! सरांकडच्या जुन्या बाइंड केलेल्या अंकांत मास्तरांचे उस्तादांवरचे लेख होते, कुणाचा स्वभाव कसा, कुणाकडून चीज, म्हणजे बंदिश, कशी काढून घेतली, सर ते वाचून दाखवायचे आणि आम्ही तानपुरा लावायचं विसरून ऐकायचो.

मान्य, यूट्यूबवर आज पोरं झोपायच्या आधी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकू शकतात, आम्हाला नुसता कागद मिळायचा. आणि कागद गंडवायचा पण. हाथरसवाल्यांची स्वर लिहायची भातखंडे लिपी, त्यात स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. आम्ही शिकलेल्या पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचं. मी एकदा शहाणपणा करून घरीच एक बंदिश बसवली आणि जिथं तार षड्ज हवा तिथं खाली खर्जात गेले, अंतरा विहिरीत पडल्यासारखा. सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पण राग मला पोरांचा नाहीये, त्या ताईंचा तर अजिबात नाही, त्या बिचाऱ्या ऑफिसातून येऊन पोरीला सोडतात. राग आपला आहे, आपला म्हणजे शिकवणाऱ्यांचा. ती पीडीएफ टाकणारे स्वतः क्लास घेतात! आपण शेवटचा एक लेख पूर्ण कधी वाचला सांगा बरं. परीक्षेचा फॉर्म, सेंटर, निकाल, सत्काराचा फोटो एवढंच आपण शोधतो, मग मासिक काय आणि नोटीस बोर्ड काय. मी पण दूधाची धुतलेली नाही. माझी वर्गणी कधी संपली ते मला आत्ता हे लिहिताना लक्षात आलं. खरंच.

दुपारी ट्रंक उघडली. तो देसकारचा अंक काही सापडला नाही, पण सरांनी त्या दिवशी लिहिलेलं रॅपर माझ्या वहीत निघालं. एका बाजूला पोस्टाचा शिक्का, दुसऱ्या बाजूला शिसपेन्सिलीनं, "देसकार. धैवत धरून ठेवणे. रिषभावर थांबू नये. पोरांची माफी मागणे."

म्हणजे घरून ठरवून आले होते.

ग्रुपवर टाकलाय फोटो. आडवा पडलाय, सरळ कसा करायचा ते मला येत नाही, मान वाकडी करून वाचा.